कोंबड्या सुटल्या की मान खाली

परवा मागच्या गल्लीतल्या एक बाई गेटपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी घरच्या अंड्यांसाठी चार कोंबड्या पाळल्यात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कुत्र्यानं एक फाडली. कुणीतरी त्यांना सांगितलं, या टीचरचं कुत्रं कोंबडीला तोंड लावत नाही, कसं शिकवलं ते त्यांनाच विचारा. मी म्हणाले, मला वेळ नाही. त्या म्हणाल्या, शिकवू नका, नुसतं तोंडी सांगा. मी त्यांच्या तोंडावर गेट लावून घेतलं. माझ्या नाकावर राग असतो हे कॉलनीला माहीत आहे, पण त्या बाईंचा काही दोष नव्हता. आत येऊन ओट्याला टेकले आणि परत गेटकडे गेले, तोवर त्या निघून गेल्या होत्या. म्हणून मग कसं शिकवलं ते एकदाचं लिहूनच काढायचं ठरवलं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, बावीस वर्षं झाली. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे सांगायची नाहीत. सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला, जिथे प्लॉट संपून ज्वारीची रानं लागतात, तिथे माझं दोन खोल्यांचं घर आहे. मागे भिंतीनं वेढलेलं अंगण, त्यात एक शेवगा, धुण्याचा दगड आणि पाण्याची टाकी. कुत्रा शाळेतून आला. पिल्लू असताना फाटकाशी पडलेला असायचा, पोषण आहाराची उरलेली खिचडी खायचा. एके दिवशी माझ्या स्कूटीमागे धावत घरापर्यंत आला तो राहिलाच. रंग तांबूस, डावा कान फाटलेला, जात गावठी. भुंकायचा मात्र असा, की गेटवरून पाल गेली तरी चार घरांना कळायचं.

आई गेल्यावर आबा गावात एकटे राहिले. मंद्रूपच्या पुढे आमचं गाव. आबा बांधकाम खात्यात रस्त्यावर बिगारी होते, सगळा जन्म उन्हात खडी पसरण्यात आणि डांबर ओतण्यात गेला. भाऊ अकलूजला दूध डेअरीत आहे, त्याच्या दोन खोल्यांत त्याचंच कुटुंब कसंबसं मावतं. मी दर रविवारी गावी जायचे. चूल थंड असायची, आबा कालची भाकरी पाण्यात बुडवून खात असायचे आणि वर म्हणायचे, आत्ताच जेवलो बघ. वर्षभर मी त्यांच्यामागे लागले होते, चला म्हणून. रडले, भांडले, दोन रविवार मुद्दाम गेलेच नाही. शेवटी ते तयार झाले, पण एका अटीवर. आईच्या कोंबड्या बरोबर येणार.

सात कोंबड्या आणि एक कोंबडा. आईनं स्वतः अंड्यांवर बसवून वाढवलेल्या. दोन काळ्या, एक उघड्या मानेची, बाकी तांबड्या. आबा टेम्पोत पुढच्या सीटवर बसले नाहीत. मागे हौद्यात कोंबड्यांच्या बांबूच्या डालग्यापाशी बसून आले, डालग्यावर ओला फडका टाकून. गेटमधून आत येताना माझ्या आधी कोंबड्या उतरवून घेतल्या. कुत्रा साखळीला हिसके देत असा काही भुंकत होता, की आबा म्हणाले, "ह्येचं आन् आमचं जमल का गं, बाय?"

जमलं नाही. आठव्या दिवशी साखळीची कडी निसटली आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत एक काळी कोंबडी त्याच्या तोंडात होती. आबांनी ती त्याच्या तोंडातून सोडवून घेतली. मान लोंबत होती. ते धुण्याच्या दगडावर बसून मांडीवरची कोंबडी कुरवाळत राहिले. "हिला तुज्या आयनं पावसात पदराखाली धरली हुती," एवढं म्हणाले. मग उठून म्हणाले, "दुसरी गेली की म्या बी जातो गावाकडं. पुन्यांदा बोलवू नगंस."

आबा एकदा बोलले की बोलले. मला माहीत होतं, दुसरी कोंबडी मेली तर ते त्याच दिवशी एसटीत बसतील आणि त्या थंड चुलीपाशी एकटे मरतील. कुत्र्याला हाकलून देणं हा एक मार्ग होता. पण सहा वर्षं जो जीव दारात माझी वाट बघत होता, त्याला कुठे सोडू? मला दोघंही हवे होते. मला काय हवं ते मिळतंच, कष्ट केले की, असं मी तेव्हा मानत असे.

आबांकडे गावचा उपाय होता. मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात सुतळीनं घट्ट बांधायची आणि सडून गळून पडेपर्यंत काढायची नाही. वासानं, माश्यांनी जीव नकोसा होतो आणि मग ते कुत्रं जन्मात कोंबडीकडे बघत नाही. त्यांनी सुतळी शोधायला सुरुवातही केली होती. मी ती हातातून हिसकावून घेतली. "आबा, मी बावीस वर्षांत एका पोराला पट्टी मारलेली नाही. माझ्या घरात हे चालणार नाही." ते माझ्याकडे बघून हसले. "कुत्र्याला शाळंत घालतीस व्हय? कुत्र्याला शिकवता येत न्हाय, बाय. त्येला भ्या दावावं लागतं." मी म्हणाले, बघाच तुम्ही. काळी कोंबडी शेवग्याखाली पुरली आणि त्याच संध्याकाळी मी शिकवायला लागले.

पहिलीच्या वर्गात पन्नास पोरं असली की बाईंचा घसा हेच हत्यार. पण माझ्या वर्गात आवाज चढवावा लागायचा नाही. मी 'मान खाली' म्हटलं की सगळी पोरं हाताची घडी बाकावर ठेवायची, त्यावर कपाळ टेकायची आणि मी 'सुट्टी' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. मुख्याध्यापक पाहुण्यांना मुद्दाम माझा वर्ग दाखवायला आणायचे. टाचणी पडली तर ऐकू येईल, म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? कुत्र्यालाही मी तेच शिकवलं. दुसरं काही मला येतच नव्हतं.

आधी कोंबड्या डालग्याखाली आणि कुत्रा शेवग्याला आखूड बांधलेला. तो डालग्याकडे बघून ताणला की मी पाठ फिरवायची. नजर काढून माझ्याकडे बघितलं की ग्लुकोज बिस्किटाचा तुकडा. मग जमिनीवर बसला की तुकडा. मग हनुवटी पुढच्या पायांवर टेकली की तुकडा, आणि त्याच वेळी शब्द: मान खाली. शाळेआधी दहा मिनिटं, शाळेनंतर वीस. शेवटी मोकळ्या आवाजात 'सुट्टी' म्हणायचं, म्हणजे उठायचं, शेपूट हलवायची, काय हवं ते करायचं. फोनवर दोन-चार व्हिडिओ बघितले होते, पण ते लोक हिरवळीवर उभे राहून शिकवत होते आणि त्यांची कुत्री आंघोळ घातलेली होती. मी आपली माझ्या पद्धतीनं गेले.

पंधरा दिवसांनी डालगं उचललं. महिन्यानं दोर लांब केला. दोन महिन्यांनी दोर सोडला. आबांनी मुद्दाम त्याच्या पायांपाशी ज्वारीच्या कण्या टाकल्या. कोंबड्या येऊन त्याच्या पंजांमधून कण्या टिपायला लागल्या. त्याच्या नाकावरची कातडी थरथरत होती, लाळ गळत होती, पण हनुवटी हलली नाही. मी 'सुट्टी' म्हटलं तेव्हा तो उठून थेट माझ्या पायांत आला, कोंबड्यांकडे वळूनही बघितलं नाही. त्या रात्री आबांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी त्याला टाकली.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

जानेवारीत शेजारच्या अक्का भिंतीवरून बोलायला लागल्या. अक्कांचं माहेर अक्कलकोटकडचं. घरात कानडी, आमच्याशी मराठी. त्या आमच्या कोंबड्यांना नाकं मुरडायच्या, घरात शाकाहार आहे म्हणून, पण मनानं वाईट नव्हत्या. सुनेचं बाळंतपण घरात झालं होतं. "टीचर, तुमचं कुत्रं दिवसभर वरडतंय की हो. पोस्टमन आला वरडतंय, गाढव गेलं वरडतंय, तुमच्या कोंबड्या फडफडल्या वरडतंय. बाळ दचकून उठतंय. काय तर करा की." खरंच होतं ते. मोकळं सोडल्यावर तो कोंबड्यांचा राखणदार झाला होता आणि भिंतीवर मांजर दिसलं तरी आकाशपाताळ एक करायचा. त्याच्या भुंकण्यानं कोंबड्या उधळायच्या, उघड्या मानेची खुडूक बसली होती ती दोनदा अंड्यांवरून उठली. आबा म्हणाले, "भुकंना का. कुत्रं हाय. भुकायचंच."

मला मात्र नवीन धडा मिळाला. कोंबड्या मोकळ्या आहेत आणि मी मान खाली म्हटलंय, तर जगात काहीही होवो, तोंडातून आवाज निघायचा नाही आणि जागेवरून उठायचं नाही. मी ताटल्या वाजवल्या. गेट खडखडवलं. तो गप्प राहिला की तुकडा. त्यात मला मदतनीस लागायचा आणि घरात आबाच होते. मी त्यांना सांगायची, आबा, काठी घेऊन गेटपाशी जा आणि ठोका. ते ठोकायचे. आबा, मोठ्यानं ओरडा. ते ओरडायचे, आणि ओरडून स्वतःच हसायचे. "ह्या वयात मला बी तमाशात उभं केलंस," म्हणायचे.

आणि एका रविवारी मी म्हणाले, आबा, आता त्याला हाक मारा.

आबांची कुत्र्याला बोलवायची एक हाक होती, ओठ पुढे काढून, "यूऽ यूऽ यूऽ, ये रं." भाकरी टाकताना ते अशीच हाक मारायचे आणि तो जिथे असेल तिथून धावत यायचा. त्या दिवशी ते शेवग्यापाशी उभे राहिले आणि हाक मारली. कुत्र्याचे कान उभे राहिले. त्यानं मान अर्धी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मी बोट खाली केलं. त्यानं हनुवटी परत टेकली. आबांनी पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदा, खाली वाकून, हात पुढे करून. तो माझ्याकडेच बघत राहिला. मी त्याच्या तोंडात अख्खं बिस्किट घातलं. आबा वाकलेले तसेच क्षणभर राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "आसं नगं शिकवूस गं. हाक मारली तर जनावरानं यावं." मी म्हणाले, तुम्ही नाही, मी सांगेन तेव्हाच यायचं, हीच तर शिस्त. आम्ही तो धडा त्यानंतर रोज केला. आठवडाभरानं तर आबा ओरडून बोलावत असताना तो डोळेसुद्धा हलवायचा नाही.

फेब्रुवारीत उघड्या मानेच्या कोंबडीनं नऊ पिल्लं काढली. कुत्रा मान टेकून पडला की पिल्लं त्याच्या पाठीवर चढायची, एक तर त्याच्या फाटक्या कानापाशी झोपायचं. अक्कांच्या सुनेनं भिंतीवरून त्याचा फोटो काढला आणि तो कॉलनीच्या ग्रुपवर फिरला. आबा आता गावाचं नाव काढत नव्हते. सकाळी उठून खुराडं झाडायचे, कण्या टाकायचे, दुपारी शेवग्याखाली बाज टाकून पडायचे. त्यांच्या गालावर थोडं मांस दिसायला लागलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं. दोघंही राहिले.

मार्चपासून आमची सकाळची शाळा. मी पावणेसातला निघायची. निघण्याआधी खुराडं उघडायचं, कोंबड्या बाहेर पडताना उधळतात म्हणून कुत्र्याला मान खाली घालून ठेवायचं, त्या पांगल्या की सुट्टी म्हणायचं आणि मग स्कूटी काढायची. रोजचं ठरलेलं. एप्रिलमधल्या त्या दिवशी शाळेत तपासणी होती. आदल्या रात्री मी वह्यांवर सह्या करत बसले होते, सकाळी उठायला उशीर झाला. आबांनी चहा केला. मी चहा उभ्यानं प्यायले, खुराडं उघडलं, कुत्र्याला बोट दाखवून मान खाली म्हणाले आणि तपासणीची फाइल विसरली म्हणून आत धावले. फाइल घेतली ती पुढच्या दारानं बाहेर पडले. स्कूटी सुरू केली. आबा मागून म्हणाले, "डोक्यावर काय तर घी गं, ऊन हाय."

सुट्टी द्यायची राहिली.

तपासणी उत्तम झाली. साहेबांनी माझ्या वर्गाच्या दारात उभं राहून शांतता ऐकली आणि शेरेबुकात चांगला शेरा लिहिला. बाराच्या सुमाराला मी घरी आले. येताना टरबूज घेतलं होतं, आबांना आवडतं म्हणून. गेटपाशी कुत्रा आला नाही, तेव्हाच मला काहीतरी खुपलं. घरात हाक मारली. मागचं दार उघडंच होतं.

आबा धुण्याच्या दगडापाशी पडले होते. पाय वेडावाकडा वळलेला, धोतर सुटलेलं. शेवग्याची सावली सकाळी तिथे असते, बारा वाजता नसते. ते पूर्ण उन्हात होते. डालगं त्यांच्या हाताजवळ उलटं पडलं होतं. डोळे मिटलेले, ओठ फुटलेले, ओठांवर माश्या. छाती हलत होती. त्यांच्यापासून दोन हातांवर कुत्रा पडला होता, हनुवटी पायांवर टेकून, तोही उन्हात. जीभ बाहेर, पोट भात्यासारखं चालू. पिल्लं त्याच्या कुशीच्या सावलीत दाटीनं बसली होती. मी आल्यावर त्यानं फक्त डोळे वर केले.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. अक्का धावत आल्या, त्यांचा मुलगा आला, अॅम्ब्युलन्स आली. अक्का सारखं एकच बोलत होत्या. "आमचा कुलर चालू होता हो. म्हाताऱ्याचा आवाज कुठं येतोय कुलरमध्ये. कुत्रं एकदा जरी वरडलं असतं तर मी बघितलं असतं की. रोज वरडायचं ते. आज कसं वरडलं नाही?" स्ट्रेचर अंगणातून नेताना माणसांचे पाय कुत्र्याला लागत होते. तो हलला नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आठच्या सुमाराला पिल्लांवर डालगं टाकायला वाकले, चक्कर आली आणि दगडावर आपटले. चार तास ते तिथे होते. डॉक्टर म्हणाले, हाडाचं बघू, आधी उन्हानं झालेलं निस्तरू दे.

संध्याकाळी आधार कार्ड आणि कपडे न्यायला मी घरी आले. अक्का अंगणातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "टीचर, ह्याला बघा की. पाणी ठेवलं, पिईना. भाकरी टाकली, बघंना. लाथ बसली काय हो कुणाची?" तो तसाच पडला होता. पावणेसातपासून. पाण्याची वाटी त्याच्या नाकापासून वीतभर लांब होती. मी दारात उभी राहिले आणि मला तो शब्द तोंडातून काढताच येईना. अक्कांसमोर म्हटला तर त्यांना कळेल असं वाटलं, आणि असं वाटल्याची मला अजून लाज वाटते. मी अक्कांना म्हणाले, तुम्ही जा, मी बघते. त्या गेल्यावर म्हणाले, सुट्टी. तो उठला. मागचे पाय त्याला धरेनात, दोनदा बसला. मग भिंतीपाशी गेला आणि कितीतरी वेळ मुतत उभा राहिला. पाणी प्यायला, आणि मग शेपूट हलवत माझ्या हाताशी आला, बिस्किटासाठी.

आबा नऊ दिवस होते. पहिले चार दिवस बरळत होते, आईशी बोलत होते. पाचव्या दिवशी शुद्धीवर आले. मी चमच्यानं पाणी पाजत होते. त्यांनी पहिलं विचारलं ते कोंबड्यांचं.

"कोंबड्या हायत का?"

"सगळ्या आहेत, आबा. पिल्लंही नऊच्या नऊ."

"कुत्र्यानं?"

"एकीलाही तोंड लावलं नाही."

मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, जसं मी सातवीत पहिली आले तेव्हा आलं होतं.

"म्या म्हनत हुतो, कुत्र्याला शिकवता येत न्हाय. शिकीवलंस की गं." दम लागला म्हणून थांबले. "म्या लई हाका मारल्या त्येला. यू यू केलं. भुक रं म्हनलं, आरं एकदा भुक. रडलो बी. त्ये बघत हुतं माज्याकडं. डोळ्यात पानी हुतं त्येच्या. पर हाललं न्हाय. लई पक्कं शिकीवलंस, बाय. म्या हारलो."

ते मला टोचून बोलत नव्हते. आबांना टोचून बोलता यायचंच नाही. ते माझं कौतुक करत होते. त्या वेळी मी सांगायला हवं होतं, की आबा, मी त्याला सोडायचं विसरले, तो माझी वाट बघत होता, शिस्त वगैरे काही नाही. मी सांगितलं नाही. त्यांच्या तोंडावरचं हसू मला घालवायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मी भ्याले. चार दिवसांनी छातीत पाणी होऊन ते गेले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, माझी लेक शिकवते, कुत्रं बी शिकवलंय तिनं.

जलदानविधीला भाऊ आला, गावची माणसं आली. अंगणात मांडव घातला होता. कुत्रा कोपऱ्यात बसून होता आणि लोक त्याचं नवल करत होते, एवढी माणसं, एवढ्या कोंबड्या, पण बघा कसा शहाणा आहे. भावजयीनं कोंबड्या आणि पिल्लं अकलूजला नेली. उघड्या मानेची तेवढी मी ठेवून घेतली. आबांचं काय झालं ते भावाला मी सांगितलं: चक्कर येऊन पडले, मी शाळेत होते. त्यात खोटं काही नाही.

जूनमध्ये नवीन पहिलीचा वर्ग आला. मी त्यांना मान खाली घालायला सांगत नाही. वर्गात गोंगाट असतो, पोरं भांडतात, रडतात, बाई हा मारतोय म्हणून ओरडत येतात. मुख्याध्यापक दारात येऊन बघून गेले. बाई, तब्येत बरी आहे ना, म्हणाले. बरी आहे, म्हटलं.

कुत्र्याला आता मी उलटं शिकवायला बघतेय. गेट वाजवते आणि स्वतःच भुंकून दाखवते. लोक हसत असतील. एकटा असला, कोंबडी खुराड्यात कोंडलेली असली, तर तो कधीकधी भुंकतो. पण कोंबडी अंगणात दिसली की गप्प. जन्मभर पुरेल इतकं त्याला पाठ झालंय.

गेल्या रविवारी, उघड्या मानेची अंगणात चरत असताना, मी धुण्याच्या दगडापाशी जाऊन आडवी पडले. जिथे आबा पडले होते तिथे. फरशी तापलेली होती, पाठ पोळत होती. मी ओठ पुढे काढून त्यांची हाक मारली, यू यू यू, ये रं. मला ती हुबेहूब जमली नाही, रडू येत होतं. पुन्हा मारली. भुंक रे, म्हणाले, एकदा भुंक.

तो उठून आला. मला वाटलं, येतोय. दोन हातांवर थांबला. मग हळूच खाली बसला, पुढच्या पायांवर हनुवटी टेकली आणि बिस्किटासाठी माझ्या हाताकडे बघत राहिला.